नभोनाट्यांतील गुन्हा व बोध

(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवी व्याख्यानमालेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ह्या व्याख्यानमालेत आम्ही कोणता विषय घेणार, ह्याविषयी आपल्यापैकी कित्येकांनी तर्क बांधले होते, असे आमच्या कानी आले आहे. कोणी म्हणाले, फादर देवळाचा इतिहास सांगतील; कोणी म्हणाले, जपमाळेवर बोलतील. त्या सर्वांची आज निराशा होणार. आम्ही बोलणार आहोत चोर, दरोडेखोर व खुनी ह्यांच्याविषयी. आणि तेही अमेरिकेतील नभोवाणीवर एके काळी गाजलेल्या नाटकांतील. हा विषय देवळाच्या आवारात शोभतो काय, असे कोणी विचारील, तर आमचे उत्तर एवढेच की, ज्या क्रुसापुढे आपण दर रविवारी गुडघे टेकतो, त्याच्या दोन्ही बाजूंस दोन चोरच टांगलेले होते.

ह्या विषयाची गोडी आम्हांस बालपणापासूनची. आमच्या घरी एक ट्रान्झिस्टर होता व वडिलांचा नियम असा की, सायंकाळची जपमाळ पुरी झाल्यावाचून त्याची कळ फिरवावयाची नाही. रात्री एखादी श्रुतिका लागावयाची असली, म्हणजे आम्हां भावंडांच्या नमो मरियेला असा काही वेग येई की, मातोश्री डोळे वटारून आम्हांस पुन्हा पहिल्या रहस्यावर आणून सोडीत. विविध भारतीवर १९७० च्या दशकात ‘इन्स्पेक्टर ईगल’ ही तपासकथा लागे. ती आम्ही श्वास रोखून ऐकत असू. पुढे सेमिनरीत गेलो, नीतिशास्त्र शिकलो, दीक्षा झाली. परंतु अंधाऱ्या खोलीत केवळ आवाजावरून चोराचा माग काढण्याची ती हौस काही मेली नाही. अलीकडे अंतरजालावर जुन्या अमेरिकन नभोनाट्यांची ध्वनिमुद्रणे पुष्कळ मिळतात. गेल्या दोन प्रायश्चित्तकाळांत आम्ही ती रात्रीच्या वेळी लक्षपूर्वक ऐकली. ती का ऐकली, ह्याचे एक कारण आहे. ते आम्ही शेवटी सांगू, आणि ते सांगताना आम्हांस थोडी लाज सोसावी लागेल.

प्रथम थोडी माहिती. अमेरिकेत १९३० ते १९६० ह्या काळात नभोवाणी हेच घरोघरचे रंगमंदिर होते. चित्र नाही, वेष नाही, पडदा नाही. केवळ शब्द, संगीत व आवाज. कलागृहात एक मनुष्य घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या आपटी, तर आगीच्या आवाजासाठी चुरचुरणारा पारदर्शक कागद हातात चुरगळी. करवंटीचे हे माहात्म्य ऐकून आपल्या किनारपट्टीच्या लोकांना अभिमान वाटावयास हरकत नाही. अर्धे काम ऐकणाऱ्याची कल्पनाशक्ती करी, आणि म्हणूनच ही नाटके मनात खोल उतरत.

त्यांपैकी गुन्ह्याच्या नाटकांना फार मोठा श्रोतृवर्ग होता, व त्या बहुतेकांच्या शेवटी काही ना काही बोध असे. आपल्याकडे कीर्तनकार बुवा पूर्वरंगात तत्त्व सांगतात, उत्तररंगात आख्यान लावतात. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनीही तारणाची कथा मराठी ओवीत गुंफिली, व तो ‘क्रिस्तपुराण’ ग्रंथ १६१६ साली राचोल येथे छापला गेला. कथेवाचून उपदेश गळी उतरत नाही, हे त्या थोर धर्मगुरूंस ठाऊक होते. अमेरिकन नाटककारांनी क्रम उलटा केला. आख्यान आधी व तत्त्व शेवटी, ग्रंथाच्या अखेरीस फलश्रुती असावी तसे. ती फलश्रुती काय होती व आपणां ख्रिस्ती जनांस ती कितपत पुरते, हा आजच्या भाषणाचा विषय होय.

पहिले उदाहरण ‘द शॅडो’ म्हणजे ‘छाया’ ह्या मालिकेचे. १९३० साली हा केवळ गोष्टी सांगणारा एक गूढ आवाज होता. १९३७ साली त्यातून स्वतंत्र नायक निर्माण झाला. लॅमॉन्ट क्रॅन्स्टन नावाचा श्रीमंत गृहस्थ पूर्वेकडील देशांत शिकलेल्या विद्येने लोकांच्या मनावर पटल टाकून अदृश्य होतो व दुष्टांचा पाठलाग करितो, अशी ती कल्पना. ही भूमिका प्रथम ऑर्सन वेल्स ह्या अवघ्या बावीस वर्षांच्या नटाने केली. ही मालिका १९५४ पर्यंत चालली. प्रारंभी एक आवाज विचारी की, माणसांच्या अंतःकरणात कोणते पाप दडले आहे हे कोणास ठाऊक आहे; आणि उत्तर येई की, ते छायेस ठाऊक आहे. शेवटी तोच आवाज बजावी की, गुन्ह्याच्या तणाला कडूच फळ येते, गुन्हा कधी लाभत नाही.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न नवा नाही. यिर्मया संदेष्ट्याने तो केव्हाच विचारला होता. मानवी हृदय सर्वांत कपटी आहे, त्याचा ठाव कोणास लागणार, असे विचारून तो सांगतो की, परमेश्वरच हृदयाची पारख करितो. नाटकात देवाच्या जागी एक अदृश्य मनुष्य येऊन बसला आहे, एवढाच फरक. आणि तो फरक लहान नव्हे. छाया पापी माणसाचे हृदय जाणते, त्याच्या कानाशी खदखदा हसते, आणि त्यास भयाने वेडेपिसे करून पोलिसांच्या स्वाधीन करिते. देवही आपले हृदय जाणतो. परंतु आपणांस उघडे पडलेले पाहून तो हसत नाही.

दुसरे उदाहरण ‘द व्हिस्लर’ म्हणजे ‘शीळ घालणारा’. ही मालिका १९४२ पासून १९५५ पर्यंत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चालली. तीत पोलिसास फारसे काम नसे. रात्री शीळ घालीत फिरणारा एक निवेदक गुन्हेगाराच्या मनातील विचार आपणांस सांगत जाई. गुन्हेगार अत्यंत हुशारीने बेत रची, तो तडीस नेई, आणि अखेरच्या क्षणी एखादी क्षुल्लक गोष्ट विसरल्यामुळे स्वतःच्याच जाळ्यात सापडे. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात खणणारा पडतो, हे स्तोत्रकर्त्याचे वचन नाट्यरूपाने पाहावयाचे असेल, तर ह्याहून चांगले साधन सापडणार नाही.

ह्या दोन मालिकांचा बोध एकच. पाप केले तर फळ भोगावे लागेल. पेरावे तसे उगवते, हे संत पौलानेही गलतीकरांस बजावले आहे, म्हणून ह्या बोधास आम्ही तुच्छ लेखीत नाही. ट्रेंटच्या धर्मसभेने १५५१ साली असे शिकविले की, केवळ शिक्षेच्या भयाने झालेला अपूर्ण पश्चात्तापही देवाचीच देणगी आहे, व तो मनुष्यास प्रायश्चित्त संस्कारात कृपा स्वीकारावयास सिद्ध करितो. भय ही पहिली पायरी होय. ती पायरी वगळून कोणी वर चढू म्हणेल तर पडेल. तथापि पायरीवरच बिऱ्हाड थाटणे हेही शहाणपणाचे नव्हे. गुन्हा लाभत नाही, एवढेच ज्याने ऐकले, तो मनात हिशेब करू लागतो की, लाभणारा एखादा गुन्हा सापडल्यास काय हरकत आहे? आणि जगात असे गुन्हे पुष्कळ लाभलेले दिसतात. हेरोद आपल्या सिंहासनावर बसूनच राहिला व मस्तक उडाले ते बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे.

आता तिसरे उदाहरण. ‘गँगबस्टर्स’ ही मालिका फिलिप्स लॉर्ड ह्या निर्मात्याने काढली. आधी १९३५ साली ‘जी-मेन’ ह्या नावाने ती निघाली, १९३६ पासून नवे नाव घेऊन आली व १९५७ पर्यंत चालली. प्रारंभ शिट्ट्या, भोंगे व बंदुकांच्या फैरी ह्यांच्या अशा कल्लोळाने होई की, तिच्या नावावरून धडाक्याने येण्याचा एक वाक्प्रचारच इंग्रजी भाषेत रूढ झाला. ह्या मालिकेतील कथा खऱ्या गुन्ह्यांवर बेतलेल्या असत. आणखी एक विशेष असा की, भागाच्या अखेरीस खऱ्याखुऱ्या फरारी गुन्हेगारांचे वर्णन सांगण्यात येई. उंची, केसांचा रंग, व्रण, चालण्याची लकब. देशभर घरोघरी बसलेले लोक कान टवकारून ते ऐकत व दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येक अनोळखी मनुष्याकडे संशयाने पाहत. अशा वर्णनांवरून काही गुन्हेगार पकडले गेले, हे खरे आहे. एवढ्यावर तूर्त थांबू. ह्या प्रथेकडे आम्हांस पुन्हा वळावयाचे आहे.

बोध सांगणाऱ्याविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ‘कॉलिंग ऑल कार्स’ ही मालिका १९३३ साली सुरू होऊन १९३९ पर्यंत चालली. एका तेलकंपनीच्या खर्चाने ती चाले व लॉस एंजेलिस शहराचे पोलिसप्रमुख जेम्स डेव्हिस हे स्वतः तिच्या प्रारंभी बोलत, गुन्हा कसा फुकट जातो हे श्रोत्यांस समजावीत. १९३८ साली त्या शहरात एका खासगी तपासनीसाच्या मोटारीत बॉम्बचा स्फोट झाला. शहरातील भ्रष्टाचार तो खणून काढीत होता. त्याबद्दल ज्यास शिक्षा झाली, तो डेव्हिस ह्यांच्याच पोलिसदलातील एक कॅप्टन निघाला! महापौरांस मतदारांनी पदच्युत केले व डेव्हिस ह्यांनाही त्याच वर्षी जागा सोडावी लागली. उपदेश करण्याचे ज्यांचे काम आहे, त्या आम्हां लोकांनी ही हकीकत दर रविवारी वेदीजवळ जाण्यापूर्वी एकदा आठवावी.

आता ज्या नाटकाने आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लाविले, त्याकडे येतो. आपल्या धर्मग्रामाची स्थापना १९४९ साली झाली. त्याच वर्षी जून महिन्याच्या ३ तारखेस अमेरिकेत ‘ड्रॅगनेट’ ही मालिका सुरू झाली. तिचा कर्ता व मुख्य नट जॅक वेब. ह्या मुलाचे बालपण आई व आजी ह्यांच्या आश्रयाने लॉस एंजेलिसमध्ये गरिबीत गेले. तो कॅथलिक संस्कारांत वाढला व वेदीसेवकाचे काम त्याने केले होते. त्याने निर्माण केलेला सार्जंट जो फ्रायडे हा अदृश्य होत नाही, गूढ हसत नाही, बंदूकही क्वचित चालवितो. तो दारे ठोठावतो, तेच ते प्रश्न विचारितो, नोंदी तपासतो, थकतो. कथा खऱ्या असत, निरपराध्यांच्या रक्षणार्थ केवळ नावे बदललेली असत, आणि शेवटी न्यायालयात काय निकाल लागला ते रुक्ष शब्दांत सांगितले जाई. निरपराध्यांच्या रक्षणार्थ नावे बदलणे! ह्या लहानशा सौजन्याचे मोल आम्हांस फार उशिरा कळले.

येथे थोडा विनोदही आहे. त्या सभ्य, नीतिमान मालिकेचा प्रारंभीचा खर्च एक सिगारेट-कंपनी करी व त्या सिगारेटचे नाव ‘फातिमा’! आपल्यापैकी ज्या भगिनी दर १३ तारखेस फातिमा मातेची जपमाळ करितात, त्यांनी रागावू नये. तो छाप १९१७ च्या दर्शनापूर्वीचाच होता व त्याचा मातेशी काडीचा संबंध नव्हता. परंतु चोरीपासून परावृत्त करणारे नाटक धुराच्या पैशावर चालावे, ह्यात मानवी नीतीचा एक नमुना आहे खरा.

१९४९ च्या डिसेंबरात, २२ तारखेस, म्हणजे नाताळच्या तीन दिवस आधी, ह्या मालिकेचा एक भाग प्रसारित झाला. एका घरी मुलासाठी नाताळची भेट म्हणून लहान बंदूक आणून ठेविलेली असते. मुलाच्या हाती ती आधीच लागते. तो व शेजारचा त्याचा सवंगडी खेळावयास जातात, गोळी सुटते व सवंगडी मरण पावतो. ह्या कथेत खलपुरुष नाही, दरोडा नाही, फाशी नाही. दोन मुले शोधीत हिंडणारे दोन पोलिस आहेत, आणि अखेरीस एक पोरका झालेला बाप आहे. तो बाप आपल्या मेलेल्या मुलासाठी आणलेल्या भेटवस्तू उचलतो आणि त्या जिवंत राहिलेल्या मुलास नेऊन देतो. नाटक तेथे संपते.

हा भाग आम्ही रात्री अकराच्या सुमारास ऐकला व पुष्कळ वेळ दिवा न लावता बसून राहिलो. ज्या मालिकेचा नित्याचा शेवट अमुक न्यायालय, अमुक वर्षांची शिक्षा, असा ठरलेला, तिने तेथे न्यायाच्या पलीकडचे एक दार किलकिले केले होते.

ते दार पुरते उघडलेले पाहावयाचे असेल, तर आणखी एका पात्राकडे जावे लागेल, आणि ते पात्र योगायोगाने आमच्याच व्यवसायाचे आहे. इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन ह्यांनी १९११ सालच्या पुस्तकात फादर ब्राऊन नावाचा एक बुटका, छत्री विसरणारा, भोळसट दिसणारा धर्मगुरू निर्माण केला. त्यास मूळ प्रेरणा ब्रॅडफर्डचे फादर जॉन ओकॉनर ह्यांची. पुढे १९२२ साली चेस्टरटन स्वतः कॅथलिक झाले, तेव्हा त्यांस ख्रिस्तसभेत घेणारेही हेच फादर. १९४५ च्या उन्हाळ्यात ह्या फादर ब्राऊनच्या कथा अमेरिकन नभोवाणीवर नाट्यरूपाने आल्या. मालिका फार दिवस टिकली नाही. भोंगे नाहीत, फैरी नाहीत, मग टिकावी कशी?

फादर ब्राऊनची तपासाची रीत निराळी. तो सांगतो की, हे सर्व खून मीच केलेले आहेत. म्हणजे खुनी माणसाच्या मनात शिरून, त्याची वासना स्वतःच्या ठायी ओळखून, हे कृत्य मीही कसे केले असते ते मी पाहतो. पापनिवेदनाच्या कोठडीत वर्षानुवर्षे बसलेल्या मनुष्यास हे ज्ञान होते ह्यात नवल नाही. तेथे बसून पापे ऐकणारा प्रामाणिक असेल, तर त्यास दुसऱ्याची कमी व स्वतःचीच अधिक ओळख होत जाते. आणि त्याच्या कथांतील प्रसिद्ध चोर फ्लाम्बो ह्याचे काय होते? त्याच्या हातात बेड्या पडून कथा संपत नाही. फादर त्यास एका बागेत गाठतो, चोरीची वाट माणसास हळूहळू कोठे नेते ते झाडावर दडून बसलेल्या त्या चोरास खालून समजावितो, आणि चोरलेले हिरे परत येतात. पुढे तोच फ्लाम्बो चोरी सोडून तपासनीस होतो व फादरांचा स्नेही बनतो.

म्हणजे पायऱ्या तीन झाल्या. पहिली भयाची: पाप करशील तर सापडशील. दुसरी सत्याची व न्यायाची: काय घडले ते नीट शोधावे, निरपराध्यास जपावे, अपराध्यास नियमाप्रमाणे शासन व्हावे. तिसरी दयेची: अपराधी हा आपलाच भाऊ आहे, व तो परत यावा ह्यासाठी कोणीतरी झाडाखाली उभे राहावयास हवे. दुसरीवाचून तिसरी नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्याचे नुकसान झाले, त्यास भरपाई न देता केलेली क्षमा ही दुबळ्यावर लादलेली आणखी एक जबरदस्ती होय. जक्कयाने लुबाडलेले चौपट परत देईन म्हटले व त्याच दिवशी त्याच्या घराला तारण लाभले.

आता आम्ही ज्या कारणाचे अभिवचन दिले होते ते सांगतो. हे पापनिवेदनात ऐकलेले काहीही नव्हे. जे सांगणार आहोत ते आपणां सर्वांस ठाऊक आहे. केवळ आमच्या बाजूने ते अद्याप कोणी बोललेले नाही.

तीन वर्षांपूर्वी आपल्या देवळातील दानपेटी फोडली गेली. आत तीन हजारांच्या आत रक्कम असावी. आवारातील कॅमेऱ्यात एका तरुणाचे अंधुक चित्र उमटले होते. त्या सकाळी आम्ही फार संतापलो होतो. रागाच्या भरात ते चित्र आम्ही स्वतः धर्मग्रामाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठविले व खाली लिहिले, ‘ह्यास कोणी ओळखते काय?’ अर्ध्या तासात तो ओळखला गेला. दुपारपर्यंत ते चित्र शेजारच्या धर्मग्रामांत पोहोचले, आणि त्याखाली कोणी कोणी काय काय जोडले ते येथे उच्चारण्याजोगे नाही. त्याच्या धाकट्या बहिणीला शाळेत मुलींनी चोराची बहीण म्हणून हाक मारली. त्याच्या वडिलांनी रविवारच्या मिस्साला येणे सोडले. त्या मुलीने पेटी फोडली नव्हती, त्या बापाने फोडली नव्हती. निरपराध्यांच्या रक्षणार्थ नावे बदलण्याचे सौजन्य त्यांच्या वाट्यास आले नाही. गँगबस्टर्सच्या अखेरीस वर्णन वाचून दाखविणारा तो निवेदक त्या दिवशी आम्ही होतो, आणि आम्हांस आमच्या कर्तव्यदक्षतेचा अभिमानही वाटत होता.

चार दिवसांनी त्या तरुणाची आई आमच्याकडे आली. ती रडली नाही. दारात उभी राहून म्हणाली, “फादर, पोरानं चोरी केली, त्याची शिक्षा तो भोगील. पण त्याचं चित्र गावभर ज्यानं फिरवलं, त्याला काय शिक्षा?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. आम्ही तिला बसावयास सांगितले. ती बसली नाही.

पुढे आम्ही त्यांच्या घरी गेलो. एकदा गेलो तेव्हा दार उघडले नाही, दुसऱ्यांदा उघडले. त्या तरुणाने पैसे मजुरीतून थोडे थोडे करून सर्व परत दिले. शेवटचे दोनशे रुपये त्याने पाकिटात घालून धाकट्या बहिणीच्या हाती पाठविले. आम्ही त्याच्याकडून जे घेतले होते, ते मात्र हप्त्याने परत देता येण्याजोगे नाही. ते चित्र कोणाकोणाच्या भ्रमणध्वनीत अजून पडून आहे, हे आम्हांस माहीत नाही. गेल्या नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला तो देवळाच्या बाहेर, कुंपणाजवळ उभा असलेला आम्ही पाहिला. प्रभुभोजनाच्या वेळी पुन्हा पाहिले, तर तो निघून गेला होता.

हे सर्व ह्या सभेत सांगावे की नाही, हे विचारावयास आम्ही गेल्या महिन्यात त्या माउलीकडे गेलो होतो. ती थोडा वेळ गप्प राहिली व म्हणाली, “सांगा, फादर. पण तुमची चूक सांगा. त्याची सगळ्यांना पाठ आहे.” म्हणून सांगितले. ज्या गटावर आम्ही ते चित्र पाठविले होते, त्याच गटातील आपण बहुतेक सर्वजण आज येथे बसला आहात, यास्तव आम्ही आपणां सर्वांसमक्ष त्या कुटुंबाची क्षमा मागतो.

आपण म्हणाल, मग चोरास पकडू नये काय? अवश्य पकडावे. पोलिसांकडे तक्रार करावी, पुरावा त्यांच्या हाती द्यावा. कायद्याचे काम कायद्याने करावे. सरकारी वकिलाच्या कर्तव्यावर बेतलेली ‘मिस्टर डिस्ट्रिक्ट अॅटर्नी’ ही मालिका १९३९ साली निघाली. तिच्या प्रारंभीच्या शपथेतही असे होते की, अपराध्यावर खटला चालविणे जेवढे माझे काम, तेवढेच सर्व नागरिकांचे हक्क राखणे हेही माझेच काम. आम्ही त्या सकाळी पहिल्या अर्ध्याकडेही नीट गेलो नाही, आणि दुसरे तर पायदळी तुडविले.

बंधुभगिनींनो, अमृतमहोत्सव म्हणजे मंडप, रोषणाई व जेवण एवढेच नव्हे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात महोत्सवाचे वर्ष सांगितले आहे. त्या वर्षी शिंग फुंकावे, गहाण पडलेली जमीन ज्याची त्यास परत मिळावी, बंदीत पडलेल्याने आपल्या घरी परत जावे. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२५ च्या पवित्र वर्षासाठी २०२४ च्या डिसेंबरात संत पेत्राच्या महामंदिराचे पवित्र द्वार उघडले, आणि दोनच दिवसांनी, २६ डिसेंबर रोजी, रोममधील रेबिब्बिया तुरुंगात जाऊन तेथेही एक पवित्र द्वार उघडले. महामंदिराचे दार व तुरुंगाचे दार त्यांनी एकाच आठवड्यात उघडले, ह्यातील अर्थ आम्ही अधिक फोडून सांगावा असे नाही.

म्हणून ह्या महोत्सवी वर्षात आम्ही आपणांपुढे तीन गोष्टी ठेवितो. पहिली: जे कोणाचे म्हणून चित्र वा चित्रफीत आपल्याकडे आरोपाच्या शेऱ्यासह येईल, ते पुढे पाठवू नये, आणि जुने काही पडून असेल ते आज रात्रीच पुसून टाकावे. धर्मग्रामाच्या गटासाठी हा नियम आपल्या परिषदेने संमत केला आहे, व तो सर्वप्रथम आमच्यावर लागू आहे. दुसरी: तुरुंगात असलेल्यांच्या कुटुंबांस भेटणारे चार-पाच जण आम्हांस हवे आहेत, पैसे नकोत, वेळ हवा. तिसरी अगदी लहान आहे. उद्या महोत्सवाच्या मिस्साला देवळात दाटी होईल. आपण बाकावर बसाल तेव्हा कडेला एक जागा मोकळी ठेवावी. कोणासाठी, असे कोणी विचारल्यास नाव सांगू नये.

जुन्या नाटकांच्या अखेरीस निवेदक पुढल्या आठवड्याच्या भागाची आठवण करून देई. आम्हांसही तेवढेच करावयाचे आहे. उद्या सकाळी आठ वाजता मिस्सा आहे. आम्ही पाऊण तास आधी पापनिवेदनासाठी बसणार आहोत. परंतु त्याहीपूर्वी, सात वाजता, शेजारच्या धर्मगुरूंपुढे आम्ही स्वतः गुडघे टेकणार आहोत.

परमेश्वर आपणां सर्वांस, आणि आज जे ह्या मंडपात नाहीत त्यांसही, आशीर्वाद देवो. आमेन.